वाचकांचे प्रश्न : गेन कमी केला आणि आयसी तापायला लागला

प्रश्न : सर, टीडीए२०३० या ऑडिओ आयसीवर अ‍ॅम्प्लिफायर बनवला, मस्त वाजत होता पण मागे सूऽऽ असा आवाज यायचा म्हणून गेन (सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा) कमी करायला फीडबॅकमधला ६८० ओहमचा रेझिस्टर काढून ४.७ के लावला. आता गाणं न लावताही हीटसिंकला हात लावता येत नाही, स्पीकर मात्र गप्प. गेन तर कमीच केलाय ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आयसी बहुतेक खराब झालेला नाही, तो ऑसिलेट होतोय. म्हणजे इनपुटला काही नसताना स्वतःच खूप वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तयार करून स्पीकरकडे ढकलतोय, आणि आपल्या कानाला २० किलोहर्ट्झच्या पुढचं ऐकू येत नाही म्हणून सगळं शांत वाटतं. आणि हे गेन कमी केल्यामुळेच झालंय.

आधी फीडबॅकमध्ये २२ के (के म्हणजे हजार ओहम) आणि ६८० ओहमचे रेझिस्टर होते, म्हणजे गेन साधारण ३३. आता तो ५.७ च्या आसपास आलाय. पण आयसीच्या आतला मूळ गेन (सुमारे ९० डीबी म्हणजे डेसिबल, तीस हजार पटीच्या आसपास) आहे तेवढाच आहे, तो बाहेरून कमी दिसतो कारण आउटपुटचा जास्त हिस्सा तुम्ही परत इन्व्हर्टिंग पिनला (सिग्नल उलटा करणाऱ्या इनपुटला) नेताय. पूर्वी तेहतिसावा भाग जायचा, आता जवळजवळ सहावा जातो. गेन कमी केला म्हणजे फीडबॅक वाढवला, ही गोष्ट नीट डोक्यात बसवा.

असा मूळ सिग्नलच्या विरोधात परत नेलेला निगेटिव्ह फीडबॅक निगेटिव्ह राहतो तो सिग्नल वेळेवर परत आला तरच. झोपाळा थांबवायला तुम्ही हात पुढे करता, पण हात अर्धा झोका उशिरा पोचला तर तोच हात झोपाळा आणखी जोरात ढकलतो. आयसीतल्या प्रत्येक स्टेजला थोडा थोडा उशीर होतो, गाण्याच्या फ्रिक्वेन्सीला तो कळतही नाही, पण फ्रिक्वेन्सी वाढत गेली की कुठेतरी तो अर्ध्या सायकलइतका म्हणजे १८० डिग्री होतो, आणि तिथे एक फेरी मारून आलेला सिग्नल निघाला तेवढाच किंवा त्याहून मोठा असेल तर ऑसिलेशन सुरू. गेन ३३ होता तेव्हा तिथपर्यंत फेरीतला सिग्नल एकपटीच्या खूप खाली गेलेला असायचा, आता जात नाही. आयसीच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) गेन २४ डीबीच्या वर, म्हणजे साधारण १६ पटीच्या वर ठेवा असं लिहिलंय ते याचसाठी.

खात्री करायला सप्लायच्या वायरमध्ये मीटर लावा. इनपुट शॉर्ट असताना ४० मिलिअ‍ॅम्पच्या आसपास करंट पाहिजे, फार तर ६०. आणि आउटपुटला १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडची जोडी असते ना, त्यातला रेझिस्टर काळा पडलाय का बघा. तो कपॅसिटर १ किलोहर्ट्झला सातशेवर ओहम दाखवतो, ५०० किलोहर्ट्झला जेमतेम दीड, त्यामुळे ऑसिलेशनमध्ये तो बिचारा रेझिस्टर आधी जळतो. जळला असेल तर बदला, जोडी काढून टाकू नका, ती स्थिरतेसाठीच असते.

आता ६८० परत लावा, फार तर १.२ के, आणि आवाज कमी करायला इनपुटला १० के चा व्हॉल्यूम लावा. सूऽऽ खरंच आयसीचा असेल तर १.२ के ने थोडा कमी होईल, पण बहुतेक वेळा तो आधीच्या प्रीअ‍ॅम्पमधून (मुख्य अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून) येतो. सप्लायच्या दोन्ही पिनांना अगदी आयसीजवळ ०.१ मायक्रोफॅरड आहेत ना तेही बघा, लांब वायरीवर लावले तर काही उपयोग नाही.

प्रश्न : एवढा गेन मिळवायचा आणि फीडबॅकमध्ये घालवायचा, मग उपयोग काय?

उत्तर : हा प्रश्न मला फार आवडला. १९२७ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधन प्रयोगशाळेचे इंजिनिअर हॅरॉल्ड ब्लॅक फेरी बोटीने कामावर जात असताना त्यांना ही कल्पना सुचली आणि त्यांनी ती हातातल्या वर्तमानपत्रावरच मांडली. टेलिफोनच्या लांब लाइनवर एकामागून एक अ‍ॅम्प्लिफायर लागायचे, प्रत्येकाचं डिस्टॉर्शन (सिग्नलचा बिघडलेला आकार) साठत जायचं. गेन घालवून त्यांनी त्याच प्रमाणात डिस्टॉर्शन कमी केलं. लोकांना पटायला वेळ लागला, अमेरिकन पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. पण फीडबॅक जास्त झाला की अ‍ॅम्प्लिफायर ऑसिलेट व्हायचा, तो नेमका कधी होतो याचा नियम हॅरी नायक्विस्ट या इंजिनिअरनी १९३२ मध्ये दिला.

प्रश्न : ७४१ या ऑप-अ‍ॅम्प आयसीवर १०० गेनचा माइक प्रीअ‍ॅम्प केला, आवाज दबल्यासारखा येतो.

उत्तर : ७४१ ऑसिलेट होऊ नये म्हणून त्याच्या आतच ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर घातलाय, तो वरच्या फ्रिक्वेन्सीचा गेन मुद्दाम पाडतो. गेन आणि बँडविड्थचा (तो गेन किती फ्रिक्वेन्सीपर्यंत टिकतो त्याचा) गुणाकार साधारण १ मेगाहर्ट्झ, म्हणजे १०० गेनला १० किलोहर्ट्झच्या पुढे उतार. दहा-दहा गेनच्या दोन स्टेज करा किंवा टीएल०७२ लावा, त्याचा गुणाकार ३ मेगाहर्ट्झ आहे. एनई५५३४ लावायचा असेल तर मात्र ३ पेक्षा कमी गेनला त्याला बाहेरून कपॅसिटर लागतो, तुमच्या १०० ला काही अडचण नाही.