दूरसंचार अभियंत्याने कायदा शिकावा का?

स.न.वि.वि.

आपली कन्या दूरसंचार अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून तिला पुढे कायदा शिकून दूरसंचार नियमन आणि नागरिकांचे मूलभूत हक्क या विषयात काम करायचे आहे, आणि त्यामुळे आधीचे शिक्षण पाण्यात जाईल अशी धास्ती आपल्याला वाटते, असे आपण कळवले आहे. ही धास्ती मला अनाठायी वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये फोन टॅपिंगला राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ची, म्हणजे जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची, चौकट घातली, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे आदेश सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेचे कारण नसल्याने रद्द केले. इथपर्यंत निव्वळ वकिलाचे काम झाले. मात्र जम्मू-काश्मीरमधील इंटरनेटबंदीवरील जानेवारी २०२० चा निकाल तिने मुळातून वाचावा. मोजकीच संकेतस्थळे रोखणे तांत्रिकदृष्ट्या अवघड असल्याची सरकारची सबब मान्य केली, तर दर वेळी संपूर्ण बंदीला मोकळे रान मिळेल, असे न्यायालयाने त्यात बजावले आहे. ती अडचण खरी की सांगण्यापुरती, हे दूरसंचार जाळ्याची रचना जाणणाराच उलटतपासणीच्या तयारीने सांगू शकतो. असे वकील फार नाहीत. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम २० मध्ये संदेश अडवण्याचे आणि सेवा थांबवण्याचे अधिकार कायम असल्याने हे प्रश्न संपणारेही नाहीत.

अर्थार्जनाबाबत स्पष्ट सांगतो. केवळ हक्कांच्या खटल्यांवर सुरुवातीची वर्षे निभावणे कठीण असते. त्यापेक्षा दूरसंचार कंपनीच्या नियामक विभागात, किंवा दिल्लीत टीडीसॅटपुढे (दूरसंचारविषयक तंटे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे) काम चालवणाऱ्या वकिलाकडे उमेदवारी करणे शहाणपणाचे ठरेल, आणि त्यासाठी घर सोडण्याची तयारी हवी. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची सीईटी असते. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

अर्ज भरण्यापूर्वी मात्र तिने एक गोष्ट करावी. ट्राय, म्हणजे दूरसंचार क्षेत्राचे नियामक प्राधिकरण, कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी सल्लामसलतपत्र प्रसिद्ध करून त्यावर लेखी मते मागवते, आणि अशी मते कोणीही पाठवू शकतो. असे एखादे पत्र घेऊन तिने दोन-तीन प्रश्नांना कलमांच्या आधारे उत्तरे लिहावीत, ती मुदतीत पाठवावीत आणि नंतर कंपन्यांनी त्याच प्रश्नांवर काय म्हटले आहे ते शेजारी ठेवून वाचावे. हे करताना तिला कंटाळा आला, तर कायद्याचा विचार सध्या बाजूला ठेवावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक