नमुना कुठला आणि कधीचा?

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

बेल्जियन काँगोतल्या (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) पोलिओ लशीमुळे एचआयव्ही माणसात आला, हा दावा वाचून तू गोंधळलीस, हे समजू शकतो. पण ‘दोन्ही बाजू पटतात’ असे लिहून तू मोकळी झालीस, ते मला रुचले नाही. इथे नमुना कुठला आणि कधीचा, एवढेच विचारायचे असते.

ती लस १९५७ ते १९६० या काळात दिली गेली. लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजचे किन्शासा, इथे १९५९ साली घेतलेले रक्त आणि १९६० साली मेणात जतन केलेला लसिका ग्रंथीचा (लिम्फ नोडचा) तुकडा, या दोहोंतले विषाणू एकमेकांपासून इतके दुरावलेले निघाले, की त्यांचा समाईक पूर्वज १९०८च्या आसपासचा, म्हणजे लशीच्या कितीतरी आधीचा असावा, असे विषाणूंच्या उत्क्रांतीचे अभ्यासक मायकेल वोरोबी यांच्या गटाने २००८ साली दाखवले. काँगोतल्याच किसांगानी परिसरातल्या ज्या चिंपांझींच्या पेशींतून विषाणू लशीत शिरल्याचा संशय होता, त्यांच्यातला विषाणूही वंशवृक्षाच्या निराळ्याच फांदीवर बसतो. जागतिक साथीच्या विषाणूचे सर्वांत जवळचे नातलग सापडले ते आग्नेय कॅमेरूनमध्ये, जंगलात पडलेल्या चिंपांझींच्या विष्ठेत. ती कुठे उचलली याची नोंद ठेवली होती, म्हणूनच नुसते ‘आफ्रिका’ न म्हणता ‘आग्नेय कॅमेरून’ म्हणता येते. एचआयव्हीचा दुसरा प्रकार, एचआयव्ही-२, तर पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे माकडांकडून आला. म्हणजे ‘माकडापासून’ एवढे म्हणूनही भागत नाही. कुठले माकड, कुठल्या रानातले?

ठिकाण आणि तारीख नसलेली नळी मी माझ्या प्रयोगशाळेत कधी विश्लेषणात घेऊ दिली नाही. त्यापायी निबंध रखडले, एक अत्यंत हुशार विद्यार्थी कंटाळून निघून गेला, आणि त्याची खंत अजून जात नाही. तरीही मी पुन्हा तेच करीन, कारण नोंद नसलेला जनुकीय क्रम वंशवृक्षावर कुठेतरी बसवता येतो, पण त्यावरून उगम सांगता येत नाही. हा हट्ट कोरडा नाही. २००३ साली उत्तर नायजेरियात पोलिओ लशीत एचआयव्ही असल्याची अफवा पसरली, लसीकरण थांबले, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

तेव्हा मते गोळा करणे थांबव. तुझ्या प्रकल्पातल्या ज्या क्रमांना देशाच्या नावापलीकडे ठिकाण नाही किंवा वर्ष नाही, ते वेगळे काढून त्यांचा तक्ता मला पाठव. तोवर वंशवृक्ष काढू नकोस.