पेट्रोल शंभराच्या वर गेलं तरी रस्त्यावरच्या गाड्या कमी होत नाहीत. म्हणजे लोकांना परवडतंय ना? तुम्ही रोजची गाडी कमी केलीत का?

नाही, परवडत नाही. आमचे भावोजी दर गणपतीत डोंबिवलीहून येतात नि हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी गुहागर तालुक्यातली. शृंगारतळीला एका दुकानात हिशेब लिहायला जाते, घरापासून १९ किलोमीटर. आधी एसटीनेच जायचे. आमच्याकडे वस्तीची गाडी होती, रात्री येऊन देवळाजवळ मुक्काम करायची नि सकाळी सातला चिपळूणला सुटायची. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. मग नवऱ्याची स्कूटर घेतली. सगळा चढउताराचा रस्ता, लिटरला ४२ च्या वर ती कधी गेली नाही. रोजचे ३८ किलोमीटर, भाव ११० च्या आसपास, पगार ११ हजार. एकदा पंपावर शंभराचं टाकायला सांगितलं तर आकडा ०.९० वर थांबला. शंभराची नोट दिली नि लिटरसुद्धा नाही.

आता यात कमी काय करणार? कामावर जाणं? स्कूटर चालत राहिली. बाहेरच्याला ती स्कूटर दिसते, घरात काय थांबलं ते कुठून दिसणार. आमची मासळी आठवड्यातून एकदाच यायला लागली, मुलीची शिकवणी बंद केली. सासूबाईंना काचबिंदू आहे, त्यांना तपासणीला चिपळूणला न्यायचं तर गावातली रिक्षा ठरवायची, १२०० रुपये. त्याच म्हणायच्या, पुढच्या महिन्यात बघू, काही त्रास नाही. फेब्रुवारीत फडताळ पुसताना त्यांच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली हातात आली, कोरडी ठणठणीत. विचारलं तर म्हणाल्या, संपून बारा दिवस झाले. तो थेंब माझ्या कामाच्या वाटेवरच्या मेडिकलमध्ये मिळतो. मला नुसतं सांगायचं होतं. पण रोज रात्री मी उद्याच्या पेट्रोलचे पैसे डब्यात वेगळे काढते हे त्या बघत होत्या. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि त्याच वर्षी गणपतीत, आरती झाल्यावर पडवीत बसून भावोजी म्हणाले, "पेट्रोल महाग म्हणता, मग पाखाडीखाली सात स्कूटरी कशा उभ्या? आम्ही बघा, लोकलचा पास काढतो." पास काढायला आधी लोकल असावी लागते हो! आमच्याकडे संप मिटला तरी वस्तीची गाडी आली नाही. आगारात सांगितलं, चालक नाहीत. ग्रामपंचायतीचा ठराव दिला, ऐंशी सह्या दिल्या, तीन खेपा घातल्या. जून २०२३ मध्ये, शाळा सुरू होताना, ती परत आली.

मधल्या काळात केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये पेट्रोलवरचं शुल्क ५ रुपयांनी कमी केलं, मे २०२२ मध्ये आणखी ८ रुपयांनी, जुलैत राज्याने व्हॅट ५ रुपयांनी उतरवला. माझी एकही फेरी त्याने वाढली नाही की घटली नाही. वस्तीची गाडी आली मात्र, नि त्याच आठवड्यात स्कूटर पडवीत गेली. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मला जाऊन-येऊन चाळीसेक रुपये पडतात. स्कूटरला नव्वदच्या वर जायचे.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर हो, कमी केली. आठवड्यातले चार दिवस एसटी. दोन दिवस दुकानात माल उतरतो, संध्याकाळची शेवटची गाडी चुकते, तेव्हा स्कूटर. पण ओळखीतलं कोणी रोज गाडी काढतंय म्हणून त्याला परवडतंय असं धरू नका. त्याच्या थांब्यावर एसटी किती वाजता येते नि परतीची कधी आहे, ते आधी विचारा. भावोजींनी एकदाही विचारलं नाही.

ज्यांच्या दारावरून अर्ध्या अर्ध्या तासाने बस जाते नि तरी एकटे मोटार घेऊन निघतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. आणि पुरुषांना पूर्ण तिकीट आहे, त्यामुळे दोघं जण एका बाईकवर जात असतील तर त्यांना एसटीच महाग पडेल, हेही खरं.

सासूबाई ७७ च्या आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट आहे, पण आमच्याकडे गाडीच नव्हती तर त्याचा काय उपयोग. आता दर दोन महिन्यांनी आम्ही दोघी सातच्या गाडीने चिपळूणला जातो, त्या खिडकीशी बसतात. थेंब मी एक तारखेला न विचारता आणते.