‘पोहोचले’ अशी नोंद, पण पार्सल कुठे?

प्रश्न : आईसाठी ऑनलाइन मागवलेला ६,४०० रुपयांचा मिक्सर आमच्या दादरच्या चाळीत आलाच नाही; ॲपवर मात्र तो ‘पोहोचवला’ अशी नोंद आहे. विक्रेता आणि कुरिअर एकमेकांकडे बोट दाखवतात. मी काय करावे?
– एक वाचक, दादर

उत्तर : ताई, शेजाऱ्यांकडे एकदा चौकशी जरूर करा, पण कुरिअरच्या मागे धावू नका. पैसे तुम्ही विक्रेत्याला दिले आहेत, तेव्हा पार्सल कोणाच्या हाती दिले, ओटीपी किंवा सही घेतली का, याचा पुरावा त्याच्याकडेच लेखी मागा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. फोनवरच्या गोड आश्वासनांवर विसंबून हा हक्क सोडू नका. तेथे दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा असून, विक्रेता कोणत्याही राज्यातला असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्हाला मुंबईतच तक्रार दाखल करता येते. एवढ्या रकमेला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ॲपवरील त्या नोंदीचे स्क्रीनशॉट मात्र आजच काढून ठेवा.