डबिंगमध्ये येऊ पाहणाऱ्या तुला

तुझा डेमो, म्हणजे आवाजाचा नमुना, ऐकला. आवाजात गोडवा आहे, पण साडेचार मिनिटं कोणीही ऐकत बसत नाही. दीड मिनिटात बसव आणि सगळ्यात चांगला तुकडा अगदी सुरुवातीला घे.

महागडा माइक आत्ताच घेऊ नकोस. कपड्यांनी भरलेलं कपाट उघड, पंखा बंद कर आणि तिथे रेकॉर्ड कर, म्हणजे आवाज घुमत नाही. माइक तोंडापासून वीतभर लांब, जरासा तिरका ठेव, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ची फुंकर थेट त्यावर आदळत नाही.

खरी मेहनत उच्चारांवर घे. ‘चार’ माणसं आणि गुरांचा ‘चारा’ यांतला च वेगळा. ‘जग’ (दुनिया) आणि ‘जागा’ यांतला जही तसाच वेगळा. घाईत तू दोन्ही एकसारखे म्हणतेस. रोज वर्तमानपत्रातला एक अग्रलेख मोठ्याने वाच.

डबिंगमध्ये ओठांबरोबर श्वासही जुळवावा लागतो. पात्र कुठे श्वास घेतं ते आधी बघ, मग वाक्य पकड. आणि कपडे मऊ घाल! पहिल्या डबिंगला मी खळ केलेला सुती कुर्ता घालून गेले. हात हलला की सळसळ, पाच टेक फुकट गेले.

काम देण्याआधी पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हण. नवा डेमो झाला की पाठव, मी ऐकते.