माझ्याच शिपायाकडून मी शिकायचं?

ताई,
मी ६८ वर्षांची, निवृत्त मुख्याध्यापिका. चौतीस वर्षं मराठी शिकवलं. दोन वर्षांपूर्वी हे गेले. मुलगा पुण्याला असतो, त्याच्या आग्रहाने मी आमच्या गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघात जाऊ लागले. सोमवारी भजन, मंगळवारी चार ते साडेपाच मोडी लिपी, शनिवारी मोबाइल. मोडी मला मनापासून आवडली. पण त्या वर्गात आमच्या शाळेचा जुना शिपाई येतो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. घरात आजोबांच्या वेळचं एक खरेदीखत आहे, ते वाचायचं म्हणून तो वर्षभर आधीपासून शिकतोय आणि त्याला चांगली येते. मागे एकदा सरांनी मला एक ओळ वाचायला दिली. मी अडखळले. तो मागून हळूच म्हणाला, “बाई, शब्द तिथं तुटत नाही, पुढचं अक्षर धरून वाचा.” दोघंतिघं हसले. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “तू मला शिकवू नकोस. घंटा वाजवायचं काम होतं तुझं.” वर्ग एकदम गप्प झाला. त्यानंतर दोन मंगळवार मी गेले नाही. गेल्या आठवड्यात तो घरी आला तर कामवालीला मी झोपलेय असं सांगायला लावलं. चुकलेल्या धड्याची झेरॉक्स तो ठेवून गेला. अवघड शब्दांखाली पेन्सिलीने बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, लिहून दिलंय. त्यात ह्रस्व-दीर्घाच्या सात चुका आहेत. संघ सोडावा असं वाटतं. आता या वयात माफी मागायची का?
— एक निवृत्त बाई

बाई,

सात चुका मोजल्यात तुम्ही. तुमचं पत्र वाचताना मी तिथेच थांबले, आणि खरं सांगते, आधी हसू आलं. मग वाटलं, ही बाई प्रामाणिक आहे. नसती तर हे वाक्य लिहिलंच नसतं. तेव्हा मीही आडपडदा न ठेवता लिहिते.

माफी मागायची. याच्यावर चर्चा नको. कशी मागायची ते पुढे सांगते, आधी थोडं मोडीबद्दल बोलू, कारण भांडण तिथे झालंय.

मीही एका वर्गात मोडीचे तीन महिने काढलेत. आजोबांची सही वाचता आली तेवढ्यावर समाधान मानून सोडली, ही माझी कर्तबगारी. पण जे आठवतं ते असं: आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची. अक्षरं नंतर तिला लटकवायची. हात उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा सोडायची नाही. ‘लिहूनदिलेखरेदीखतऐसेजे’ अशी सगळी वरात एका दोरीला बांधलेली. कुठला शब्द कुठे संपला हे ज्याला त्या दस्ताची भाषा कानाला माहीत आहे त्यालाच आधी कळतं. ज्याच्या घरात तो कागद पत्र्याच्या पेटीत पिढ्यान् पिढ्या जपला गेलाय, पूर्वेस कोणाचा बांध आणि पश्चिमेस कोणाची विहीर हे ज्याने लहानपणी ऐकलंय, तो तुमच्यापुढे असणारच. त्यात त्यांची हुशारी आहे, मेहनत आहे, आणि तुमची काही नामुष्की नाही. तुम्हाला बाळबोध येते. शाळांतून मोडी १९५० च्या सुमारास गेली. तुमच्या-माझ्या पिढीला ती कोणी शिकवलीच नाही, तुम्ही मुख्याध्यापिका असा नाहीतर आणखी कोणी.

आणि आता गंमत बघा. मोडीत ह्रस्व-दीर्घ पाळत नाहीत. वेलांटी एकच, उकार एकच. चौतीस वर्षं ज्या दोन वेलांट्यांसाठी तुम्ही पोरांच्या वह्या लाल केल्यात, त्यांना त्या कागदांवर काही किंमत नाही. पेशव्यांच्या दफ्तरातले कारकून तुमच्या वर्गात असते तर सगळे नापास. तुम्ही ज्या गोष्टीत पक्क्या आहात ती इथे चालतच नाही. त्या दिवशी तुमच्या तोंडून जे निघालं त्याचं मूळ मला तरी इथे दिसतं. शिपायाने चूक काढली म्हणून तुम्ही चिडलात खऱ्या, पण त्याच्याही आधी, आपल्याला काहीच येत नाही हे मंगळवारच्या मंगळवार कळत होतं. हे गेल्यावर घर रिकामं, शाळा आधीच गेलेली, आणि जिथे जाऊन जरा बरं वाटेल म्हटलं तिथेही शेवटचा नंबर. मला कळतं ते.

पण कळतं म्हणजे चालतं असं नाही.

‘घंटा वाजवायचं काम होतं तुझं.’ बाई, ती घंटा वाजल्याशिवाय तुमचा एकही तास सुरू झाला नाही की संपला नाही. त्या माणसाने किती वर्षं वाजवली असेल, कधी पाच मिनिटं उशीर झाला तर तुम्हीच त्यांना ऑफिसात बोलावलं असेल. आणि त्यांनी दिलेलं उत्तर काय? झेरॉक्सचे पैसे स्वतःच्या खिशातून घालून ते तुमच्या दाराशी आले.

आणखी एक. पत्रभर तुम्ही त्यांना ‘तो’ लिहिलंय. वयाने मोठे आहेत हेही त्याच पत्रात तुम्हीच लिहिलंय. शाळेत ती रीत असेल, तेव्हा सगळीकडेच होती. संघात ती चालू ठेवायचं कारण नाही. माझ्या ओळखीच्या एका संघात सगळेजण नावाआधी ‘माजी’ लावून सही करतात: माजी उपअभियंता, माजी शाखाधिकारी. सहलीच्या यादीतसुद्धा! खिडकीची जागा कोणाला, यावरून माजी उपअभियंत्यांचं आणि माजी शाखाधिकाऱ्यांचं जे वाजलं ते मी इथे लिहीत नाही.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा तुम्ही ऐकली असेल. ८ मार्च २०१६ ला सुरू झाली, योगेंद्र बांगर या गुरुजींच्या पुढाकाराने. साठीच्या, सत्तरीच्या, ऐंशीच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर अडकवून दुपारी वर्गात. शिकवणारी गावातलीच एक सून, आणि समोर पाटी घेऊन बसलेल्यांत तिची स्वतःची सासू. तुम्हाला सासुरवास माहीत आहे, मला माहीत आहे. ज्या सासूने भाकरी कशी थापायची यावरून सुनेला बोल लावले असतील तिनेच सुनेकडून ‘अ’ गिरवून घ्यायचा. त्या आज्यांना जमलं. तुमच्याकडे तर बी.एड. आहे.

थोडं लांबचंही सांगते, तुम्हाला आवडेल म्हणून. १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूझच्या विद्यापीठाने निवृत्तांसाठी वर्ग सुरू केले. त्याला ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ असं नाव पडलं. तिथे शिकवायला विद्यापीठाचे प्राध्यापक होते. ती कल्पना १९८० च्या दशकात इंग्लंडात गेली, तेव्हा तिथल्या लोकांनी प्राध्यापकांनाच सुट्टी दिली. परीक्षा नाही, पदवी नाही, जो येईल त्याने आपल्याला येतं ते बाकीच्यांना शिकवायचं आणि दुसऱ्या तासाला त्यांच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसायचं. आपले ज्येष्ठ नागरिक संघ नकळत हेच करतात. निवृत्त पोस्टमन योगासनं घेतात, डॉक्टरीणबाई मागे बसून चुकीच्या वेळी श्वास सोडतात.

आता माफीचं. त्यांना घरी बोलावू नका. मुख्याध्यापिकेने शिपायाला बोलावणं पाठवल्यासारखं होईल, ते बिचारे धावत येतील आणि दारातच उभे राहतील. फोनवरही नको. जे वर्गात बोललात ते वर्गातच मागे घ्या. मंगळवारी सर यायच्या आधी, लोक खुर्च्या मांडत असताना, त्यांच्याजवळ जा. नावापुढे ‘राव’ लावून हाक मारा आणि म्हणा, “त्या दिवशी मी फार वाईट बोलले. माझं चुकलं.” एवढंच. ‘माझा तसा हेतू नव्हता’ नको, ‘हे गेल्यापासून माझी चिडचिड होते’ नको. दोन वाक्यांच्या पुढे गेलात की तुम्ही भाषण सुरू कराल, मी ओळखते ना आपल्या जमातीला. आजूबाजूच्या चौघांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोला, त्यांनीच ते पहिलं ऐकलं होतं.

ते बहुतेक “असू द्या बाई, काय एवढं” म्हणून विषय मिटवतील. झोपेचं नाटकही त्यांना कळलेलं असेल, शाळेत वर्षानुवर्षं पोरांची कारणं ऐकली आहेत त्यांनी. ते तुम्ही स्वतःहून काढू नका. कदाचित काहीच बोलणार नाहीत, मान हलवून जागेवर जाऊन बसतील. तसंही होऊ शकतं. त्यांना राग यायचा हक्क आहे. तरी तुम्ही वर्ग सोडायचा नाही.

मोडी खरोखर नकोशी झाली तर खुशाल सोडा, मीही सोडलीच की. पण दिवाळीनंतर सोडा. आत्ता सोडलीत तर गावात त्याचा अर्थ एकच निघेल, आणि तो तुमच्यापेक्षा त्यांना जास्त लागेल. आपल्यामुळे बाई येईनाशा झाल्या, असं त्या माणसाने मनाला लावून घ्यायला नको.

संघ तुम्हाला शुद्धलेखनाचा वर्ग घ्या म्हणाला तर हे वर्षभर नाही म्हणा. मुलाच्या आग्रहाने गेलात, पण थोडे दिवस कोणाच्याही बाई न होता तिथे बसून बघा. आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लोकांच्या ‘शुभ सकाळ’खाली दुरुस्त्या करत असाल (माझा अंदाज, चुकला तर सोडून द्या), तर त्याही आवरा.

ती झेरॉक्स बाहेर काढा. पेन्सिलीच्या ओळी झाकून आधी स्वतः वाचून बघा, जिथे अडेल तिथेच हात सरकवा. तीन तरी ओळी मंगळवारपर्यंत होतील. पावणेचारला पोचा. जवळचा चष्मा न्या, आणि लाल पेन पर्समधून काढून ठेवा.

— तुमची ताई