स्कूटरच्या डिकीतली गोळी

‘डिप्रेशनची गोळी बंद केली, आणि आता बायकोच्या जवळ जायचीच भीती वाटते. हे असंच राहणार का?’ समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. बहुतेकदा सत्र संपताना, चपला घालता घालता विचारलेला. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते गृहस्थ मात्र आल्या आल्या, खुर्चीत नीट बसायच्या आधीच बोलले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वय छत्तीस, नोकरी कारकुनी, लग्नाला आठ वर्षं, एक मुलगी. दीड वर्षापूर्वी ते नैराश्यात होते. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम सुरू केलं, रोज १० मिलिग्रॅम. तेव्हा माझ्याकडेही त्यांची सहा सत्रं झाली. गुण आला. कामावर रुजू झाले, झोप लागली, आणि गाडी रुळावर आली असं समजून आम्ही थांबलो.

रुळावर न आलेली गोष्ट अशी, की गोळी सुरू झाल्यावर इच्छाच मंदावली होती. संबंध आला तरी वीर्यपतनाला इतका वेळ लागायचा की दोघं थकून कुशीवर वळायची. शिवाय गोळी घरात कुणाला माहीत नव्हती. गोळ्यांची पट्टी स्कूटरच्या डिकीत. रोज जेवण झालं की ‘गाडीचं लॉक बघून येतो’ म्हणून खाली जायचे आणि पाण्याच्या बाटलीबरोबर गोळी घेऊन वर यायचे. नवरा जवळ येत नाही आणि रोज रात्री दहा मिनिटं खाली जातो, यावरून बायकोनं काय समजायचं? एका रात्री तिनं विचारलंच, ‘बाहेर कुणी आहे का?’

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी कचऱ्यात टाकली.

तिसऱ्या दिवसापासून चक्कर, मळमळ, चित्रविचित्र स्वप्नं. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. मुलीवर विनाकारण ओरडले. आणि ज्याला पूर्वी अर्धा-पाऊण तास लागायचा ते आता सुरुवात होते न होते तोच संपायचं. ओळखीच्या मेडिकलवाल्यानं सुचवलं, ‘एक दिवसाआड घ्या.’ तसं आठवडाभर केलं, त्रास आणखी वरखाली झाला, मग तेही सोडलं. पुढच्या दोन आठवड्यांत इच्छा उरलीच नाही. रात्री मोबाईलवर वाचत बसले, आणि तिथे त्यांना ‘हे कायमचं असतं’ असं सांगणारी माणसं भेटली.

‘मॅडम, मी संपलो का?’

मी आधी दुसरंच विचारलं. जीव द्यावासा वाटतो का? ‘नाही’ म्हणाले, पण थोडं थांबून. म्हणून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये माझ्यासमोर सेव्ह करायला लावला.

मग वहीत रेघा मारून त्यांना समजावलं. ही औषधं मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतात, आणि सेरोटोनिन मनाला सावरतं तसं वीर्यपतनालाही ब्रेक लावतं. शीघ्रपतनावर दिलं जाणारं डॅपोक्सेटिन हे याच कुळातलं औषध आहे. एस्सिटालोप्राम साधारण तीस तासांत रक्तात निम्मं होतं, आठवड्याभरात जवळजवळ निघून जातं. शरीर दीड वर्ष ब्रेक धरून चालायला शिकलेलं, आणि तो एका झटक्यात सुटला. एक दिवसाआड घेतल्यानं तेच झालं, ब्रेक लाव, सोड, लाव, सोड. करंट, चक्कर, चिडचिड हीसुद्धा अचानक बंद केल्याची ओळखीची लक्षणं. आजार उलटला तर तो सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू डोकं वर काढतो; दोन-तीन दिवसांत करंट मारत येत नाही.

‘म्हणजे जाईल ना हे?’

इथे गोड बोलून मोकळं होणं सोपं होतं. पण त्यांनी वाचलेलं सगळंच खोटं नव्हतं. काही जणांमध्ये औषध थांबल्यावरही लैंगिक तक्रारी दीर्घकाळ टिकतात. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१९ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकात तशी सूचना घालायला सांगितलं. हे मी त्यांना सांगितलं. सोबत हेही सांगितलं, की बहुतेकांचा त्रास ओसरतो, आणि झोप उडालेली, बायकोशी अबोला, मनात धास्ती अशा अवस्थेतल्या तीन आठवड्यांवरून शरीराचा निकाल लावता येत नाही. इच्छा तर नैराश्यानंही मरते.

‘डॉक्टरांना का नाही सांगितलंत?’ मी विचारलं.

‘त्यांनी विचारलं नाही. मागे रांग असते. आणि मॅडम, विचारलं तर तुम्हीपण नव्हतं.’

खरं होतं. सहा सत्रांत मी झोप विचारली, भूक विचारली, ऑफिस, आई-वडील, कर्ज, सगळं विचारलं. हे डॉक्टर विचारतील असं धरून चालले होते. बाई समुपदेशक आणि पुरुष क्लायंट, हा संकोचही होता. तो माझा होता, त्यांचा नव्हे.

औषधाचा निर्णय माझ्या हातातला नाही. त्यांच्या परवानगीनं मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. दोन दिवसांनी डॉक्टरांनी तेच औषध कमी मात्रेत, ५ मिलिग्रॅमवर, पुन्हा सुरू केलं. आठवड्याच्या आत करंट थांबले. पुढची उतरण महिनोन्‌महिन्यांची ठरली, आणि शेवटाकडे पायऱ्या आणखी लहान. मात्रा निम्मी केली म्हणून मेंदूवरचा परिणाम निम्मा होत नाही. थोड्या औषधाचाही परिणाम बराच असतो, त्यामुळे खरी उडी शेवटच्या तुकड्यावरून शून्यावर येताना बसते. हे बहुतेकांना माहीतच नसतं. पुन्हा औषध लागलंच तर इच्छेवर कमी परिणाम करणारे पर्याय आहेत, हेही डॉक्टर बोलले. दीड वर्षात पहिल्यांदाच.

बायकोला घेऊन या म्हटलं तर तीन सत्रं टाळली. त्या आल्या तेव्हा नवऱ्यानंच सांगायला सुरुवात केली, मी गप्प बसले. डिकीचं ऐकल्यावर त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, ‘माझ्या थायरॉइडची गोळी फ्रीजवर असते. ह्यांची तिथे मावली नसती का?’

या गोष्टीला आता सात महिने होतील. डोस अडीच मिलिग्रॅमवर आहे. लवकर संपण्याची तक्रार बरीच कमी झाली. इच्छेबद्दल विचारलं तर म्हणतात, ‘पूर्वीइतकी नाही, पण येते-जाते.’ पुढची पायरी दिवाळीनंतर उतरायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय.